कप्पीचा दोर

चहाची कपबशी खाली ठेवली की काळुराम मढवी खुंटीवरचा पंचा घ्यायचा, बायकोच्या उजव्या मनगटाला त्याचे दोन वेढे द्यायचा आणि त्यावर दोराची गाठ मारायचा. दोर छताच्या हुकाला टांगलेल्या कप्पीतून जायचा आणि त्याचं दुसरं टोक काळुरामच्या हातात यायचं. हुक पंख्याचा होता. पंखा काढून त्याने कपाटावर ठेवला होता. कप्पी जुन्या विहिरीची. विहीर बुजवून त्या जागेवर त्याच्या मुलाने, महेंद्रने, चार मजली इमारत बांधली, तेव्हा एवढी चांगली लोखंडी कप्पी टाकवेना म्हणून काळुरामने ती माळ्यावर जपून ठेवली होती. आता कामाला आली, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

"एक," काळुराम म्हणाला आणि दोर ओढला.

शालूचा हात वर गेला. ओल्या चादरीसारखा जड हात. कोपर कानाशी येईपर्यंत त्याने ओढला, क्षणभर धरला आणि सोडला. हात धपकन मांडीवर पडला.

"दोन."

खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली असायची. बाहेरची माणसं दिसावीत, तिला बरं वाटावं म्हणून. दोर मागून ओढावा लागायचा. त्यामुळे काळुराम तिच्या पाठीशी उभा असायचा, नजर वर कप्पीकडे. कप्पीत तेल घातलेलं होतं, तरी एका जागी ती अडायची. तिथे झटका द्यावा लागायचा.

आठ झाले, नऊ झाले. दहाव्याला शालूने सूर लावला.

शब्द नव्हते. "गो बाय, गो बाय" एवढंच कळायचं, बाकी नुसती चाल. चार पावलं चाल आणि मग "हूं". पुन्हा चाल, पुन्हा "हूं". आवाज मात्र तोच, खणखणीत, समोरच्या गल्लीपर्यंत जाणारा. वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची खिडकी उघडली.

"गायला लागली," काळुराम स्वतःशीच म्हणाला आणि पुढचा दोर जरा जोरात ओढला.

श्रावणात शालू गच्चीवर सुकट निवडत बसली होती, ती तशीच कलंडली. भावना, तिची सून, कपडे वाळत घालायला गेली तेव्हा शालूचं तोंड वाकडं झालेलं आणि माशा बसलेल्या. डॉक्टरांनी सांगितलं, डोक्याच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. सतरा दिवस हॉस्पिटलमध्ये काढले. घरी आणलं तेव्हा तिच्याजवळ एकच शब्द उरला होता. "बरा." भूक लागली? बरा. पाणी देऊ? बरा. राग आला तरी बरा, आणि दारात कुत्रं आलं तरी त्याच्याकडे बघून बरा.

हॉस्पिटलमध्ये एक पोरगेलासा डॉक्टर आडवा पुठ्ठा घेऊन यायचा. पुठ्ठ्यावर सहा गोल चेहरे. पहिला हसणारा, मग एकेक उतरत गेलेला, शेवटचा रडणारा. "आजी, किती दुखतंय? बोट ठेवा." शालूने डावं बोट हसणाऱ्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशीही तिथेच. तिसऱ्या दिवशीही. फाईलमध्ये तसं लिहिलं गेलं. महेंद्रने ते काळुरामला वाचून दाखवलं होतं. वेदना नाही.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, हात हलवत राहा. एवढं काळुरामला पुरे होतं. मिठागरावर तीस वर्षं काम केलेला माणूस. गंजलेली वस्तू पडून राहिली की जाते आणि हलवत राहिली की सुटते, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. त्याने कप्पी लावली. आणि चौथ्या दिवशी, कप्पी अडली म्हणून त्याने झटका दिला तेव्हा, मुकी झालेली शालू गाऊ लागली.

काळुराम दोर सोडून रडला होता त्या दिवशी.

शालू साधी बाई नव्हती. ती धवलारीण होती. कोपरीपासून खाडीपलीकडे कळव्यापर्यंत आगऱ्यांच्या घरात लग्न निघालं की आधी तिला सुपारी यायची. हळदीला धवला गायला तिनंच पाहिजे. देवांना बोलवायचं, मांडवाचं, हळद दळायची, नवऱ्याला न्हाऊ घालायचं, कोणतं गाणं कशामागून हे सगळं तिच्या डोक्यात. कागदावर एक अक्षर नाही. तिला लिहिता येत नव्हतंच. तुळशीचं लग्न झालं आणि नातवाचं, मयूरचं जमलं. मुलगी आंबिवलीची, कल्पिता. माघातली तारीख धरली. बोलणी चालू असताना व्याह्यांपैकी कुणीतरी हळहळून म्हणालं, आता धवला कोन गानार? काळुराम सगळ्यांसमोर बोलून गेला, "शालू गाईल. नातवाच्या हलदीला दुसरी कोन नाय बसनार."

त्या दिवसापासून पन्नासाचे शंभर झाले. सकाळी शंभर, संध्याकाळी शंभर.

एका सकाळी कुंडलिक आला. काळुरामच्या जोडीने मिठागराच्या वाफ्यांत फळीने मीठ ओढलेला, आता दोन्ही कानांनी कमी ऐकणारा. शालू गात होती. तो उंबऱ्यावर बसला, कानामागे हात धरला.

"काल्या, मना मिठागर आठवला रं," तो मोठ्याने म्हणाला. "वाफ्यात फली ओढताना अशीच गायची ना ही? दुपारच्या उनात?"

"सगला आठवतं तिला," काळुराम म्हणाला. "डोक्यात हाय सगला. बाहेर यायचा टाइम लागतो."

"बरी हायस ना गो शालू?"

"बरा," शालू म्हणाली.

"बरी हाय," कुंडलिक खूश होऊन म्हणाला.

मयूर मोबाईल घेऊन आला. "आजा, तू चालू ठेव, मी शूट करतो. आजी, इकडं बघ." तो पुढे बसला. काळुराम मागून मोजत होता, एकवीस, बावीस, तेवीस, आणि शालू गात होती. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ कोपरीतल्या प्रत्येक घरात पोचला. खाली लोकांनी हात जोडलेले, हृदयं टाकलेली. मयूरने आजोबाला वाचून दाखवलं, "भाई, हिला बोलतात खरी धवलारीण."

घरातली कामं मात्र गाण्याने होत नव्हती. कामं भावनाला पडत होती. शालूला कूस बदलवणं, पुसणं, गाऊन घालणं. साडी सुटली होती. आयुष्यभर काष्टा घातलेल्या बाईला समोरून बटणं लावायचा गाऊन घालताना पहिल्यांदा काळुराम बाहेर जाऊन उभा राहिला होता. अंघोळीला उठवायचं तर तो मिठागरावरची रीत वापरायचा. पाटी उचलायला वाकलेल्या बाईला उभं करायचं तर तिच्या पावलांना पाऊल टेकवायचं, मनगट धरायचं आणि एका हिसक्यात वर घ्यायचं. तशी तीस वर्षं उठवली होती. तो नेहमी तिचं उजवं मनगट धरायचा, तेव्हाही आणि आताही.

भावनाच्या गालावर एकदा शालूचा डावा हात बसला. गाऊनची उजवी बाही चढवताना. दुसऱ्या वेळी ती दंडाला चावली. दाताचे वण भावनाने नवऱ्याला दाखवले.

"डोक्याचा परिणाम हाय," महेंद्र म्हणाला. "डॉक्टरला बोलतो." डॉक्टरांनी फोनवर एक गोळी वाढवली. मग शालू दुपारपर्यंत पेंगायची, तोंडातून लाळ गळायची, भात गालात तसाच राहायचा. मारणं मात्र थांबलं नाही.

"बाबा," भावना एक दिवस म्हणाली. ती शालूच्या पायाशी बसून फरशी पुसत होती. "मना वाटतं आईंचा हात दुखतो. बाही घालताना मारतात फक्त. डावी घालताना नाय मारत."

"तुला वाटतं. तिला इचार."

"आई, हात दुखतो?"

"बरा."

"झाला?" काळुराम म्हणाला. "फाईलीत लिवलंय. आनि दुखत असता तर रडली असती. गायली असती का? कामाचा कंटाला आला तर तसा सांग, बाई ठेवू."

भावनाने पोतेरं पिळलं. पण दुसऱ्या दिवशी तिने शेजारणीकडून नंबर घेतला आणि हळदीला नऊ दिवस राहिले असताना नीरजा नावाची फिजिओथेरपिस्ट घरी आली. डोंबिवलीची मुलगी, तिशीची, पाठीवर पिशवी. काळुरामने तिला गल्लीतून येताना बघून दोर गुंडाळून हुकावर टाकला. का टाकला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. शिकलेली माणसं आपल्या जुगाडाला हसतात, एवढंच त्याच्या मनात असावं.

नीरजाने आल्या आल्या शालूला काही विचारलं नाही. स्टूल घेऊन समोर बसली आणि नुसती बघत राहिली. भावनाला म्हणाली, "तुम्ही रोजचं काम करा. मी आहे असं समजू नका." भावनाने कूस बदलवली, पाणी पाजलं, गाऊन बदलला. उजवी बाही आली तसा शालूचा डावा हात उठला. नीरजाने वहीत काहीतरी लिहिलं.

"आजोबा, ह्या बोलत नाहीत. मग तुम्हाला कसं कळतं, ह्यांना काय होतंय ते?"

"पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला," काळुराम म्हणाला. "कलतं."

"दुखलं तर काय करायच्या आधी? म्हणजे आजाराच्या आधी. ओरडायच्या? गप्प बसायच्या? काही माणसं भांडतात."

"ती कदी दुखला म्हनून बसली नाय."

"मग काय करायच्या?"

हा काय प्रश्न झाला? "काम करायची," तो म्हणाला.

नीरजाने शालूच्या मनगटावरची काळपट वळं बघितली. पंच्याची होती ती. "हे कशाने?"

"उठवताना धरतो."

"इथे नका धरू. खांद्याला आणि हाताला धरून अजिबात उठवायचं नाही. कमरेला पट्टा बांधून उठवायचं, मी दाखवते." तिने दाखवलं. मग एक कागद काढून भावनाकडे दिला. त्यावर चौकोन होते. कपाळावर आठी, डोळे मिटणं, श्वास, आवाज, हाताने ढकलणं, एखादी जागा धरून बसणं, जेवण, झोप. "काम करण्याआधी बघायचं आणि करताना बघायचं. दोन्हीत फरक पडला तर खूण. तीन दिवस. तोंडाने बरा म्हणाल्या तरी अंग काय म्हणतं ते बघायचं."

"ती गाते," काळुराम म्हणाला. "ते लिवा की त्यात. रोज गाते."

नीरजाने वर बघितलं. "कधी गातात?"

"सकाली, संध्याकाली," तो म्हणाला. दोराचं बोलला नाही.

ती गेली. काळुरामने कागद उचलून कपाटावर पंख्याच्या पात्याखाली सरकवला. "हलद होऊन जाऊ दे," तो भावनाला म्हणाला. "मंग बोलव तिला, काय ते बघू." आणि दोर खाली घेतला.

हळदीच्या दिवशी इमारतीपुढे मांडव घातला. पिवळे पडदे, पिवळी फुलं, सगळ्या बायका पिवळ्या साड्यांत. एका बाजूला डीजेचे खोके रचले होते, पण तो धवल्यानंतर वाजणार होता. मढव्यांच्या घरात धवला लागल्याशिवाय हळदीला बोट लावायची रीत नव्हती. शालूला हिरवी साडी नेसवली, मोठं कुंकू लावलं, अंबाडा घातला. महेंद्र आणि काळुरामने तिला खुर्चीसकट उचलून पाटाजवळ आणलं. मयूर पाटावर बसला होता. बायकांनी शालूभोवती गर्दी केली, कुणी पाया पडल्या. व्याह्यांकडची माणसं पुढच्या रांगेत होती.

"चल गो शालू," काळुरामची चुलतबहीण ठकूबाई म्हणाली. "लाव सूर."

शालूने तिच्याकडे बघितलं. "बरा."

लोक हसले. काळुरामही हसला. दोन बायकांनी आपणच सूर धरून बघितला. शालू मांडवाच्या छताकडे बघत राहिली. पुढच्या रांगेत कुणीतरी घड्याळ बघितलं.

"हलद लावायला घ्या तिच्या हातून," काळुराम म्हणाला. "हात उचलला की गाते ती."

"उजव्या हातानं हां," ठकूबाई म्हणाली. "नवऱ्या पोराला डावा हात नको लावू."

काळुरामने शालूचा उजवा हात उचलला, बोटं हळदीच्या वाटीत बुडवली आणि हात मयूरच्या कपाळाकडे न्यायला लागला. इथे दोर नव्हता, कप्पी नव्हती. पाटावर बसलेल्या पोराच्या कपाळापर्यंत हात न्यायचा तर त्याला तिच्यासमोर वाकावं लागलं. त्याचं तोंड तिच्या तोंडापासून वीतभर आलं.

शालूने सूर लावला. "गो बाय, गो बाय." मांडवात टाळ्या पडल्या. कुणीतरी शिट्टी मारली. ठकूबाईने डोळ्यांना पदर लावला.

काळुराम बायकोच्या तोंडाकडे बघत होता. तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब उभे राहिले होते. कुंकू ओलं होऊन नाकावर आलं होतं. डावा डोळा घट्ट मिटला होता. डाव्या हाताने तिने स्वतःच्या मांडीवरची साडी अशी आवळली होती की नखं पांढरी पडली होती. हात अजून थोडा वर गेला. "हूं."

त्याने हात बोटभर खाली घेतला. गाणं थांबलं. शालूने श्वास सोडला.

त्याने पुन्हा बोटभर वर घेतला. "हूं."

धवल्यात हूं नसतो. धवला लांब आणि संथ असतो, लग्नघरासारखा. हे इतके दिवस त्याला ऐकू कसं आलं नाही? ही वाफ्यातली चाल होती. चार पावलं मागे जायचं आणि फळीला हिसका द्यायचा, तिथे हूं. एका वैशाखात मिठाच्या खड्याने शालूचं पाऊल बोटांच्या बेचक्यात चिरलं होतं. खारात उभी राहून ती उन्हं उतरेपर्यंत फळी ओढत राहिली आणि दिवसभर गात राहिली. बाकीच्या बायका म्हणाल्या, शालू आज रंगात आलीय. घरी आल्यावर त्याने तिचा पाय कोमट पाण्यात धरला तेव्हा आतलं पांढरं मांस दिसलं होतं. बोलली का नाय, त्याने विचारलं होतं. ती म्हणाली होती, गायले नाय का दिसभर? अजून काय बोलू?

"काल्या, थांबलास का रं?" ठकूबाई म्हणाली. "लाव हलद."

काळुरामने शालूचा हात हळूच तिच्या मांडीवर ठेवला. खाली आपला तळवा ठेवला, हात लोंबू नये म्हणून.

"या हातानं नाय लावनार ती."

"म्हंजे?"

"दुखतंय तिला."

"अरे, गातंय ती! सगला मांडव ऐकतंय!"

"बाबा," महेंद्र जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, "काय लावलंय? लोकं बघतायत. एक बोट लावून घ्या आनि संपवा."

काळुरामने वाटी उचलली आणि शालूच्या डाव्या हाताशी धरली. त्याने तिची बोटं बुडवली नाहीत. तीच वाटीकडे बघत राहिली, मग तिने दोन बोटं बुडवली आणि मयूरच्या गालाला लावली. बायकांत एकदम गलका झाला. डावा हात! कुणी कुणाला कोपराने ढोसलं. व्याह्यांकडची एक म्हातारी उठून मागे गेली. "येडा झालाय म्हातारा," महेंद्र म्हणाला. ते पुढच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मग त्याने डीजेवाल्याला हात केला आणि खोके वाजायला लागले.

त्या गोंगाटात काळुराम शालूचा हात आपल्या तळव्यावर घेऊन बसून राहिला. मयूरने गालावरची हळद पुसली नाही.

लग्न झालं. तिसऱ्या दिवशी नीरजा आली. काळुरामने कपाटावरून कागद काढून आणला. त्यावर एकही खूण नव्हती. मग त्याने तिचं बोलणं सुरू व्हायच्या आत वर बोट दाखवलं. दोर हुकावर होता.

नीरजाने कप्पी बघितली. तिला समजायला वेळ लागला नाही. "किती दिवस?"

"पाच महिने होत आले."

"दिवसातून?"

"दोन वेला. आधी पन्नास, मंग शंभर शंभर."

नीरजाने पिशवीतून पुठ्ठा काढला. तेच सहा चेहरे. पण तिने तो उभा धरला, वरून खाली, आणि शालूच्या डाव्या हाताला. "ह्यांना उजवीकडचं नीट दिसत नाही, आजोबा. आडवा धरला तर हसणारा चेहरा तेवढा दिसतो, मग त्यालाच हात लागतो." तिने शालूचा खांदा अलगद दाबून दाखवला, मग स्वतःचा खांदा दाबून तोंड वाकडं केलं, मग पुठ्ठ्याकडे बोट केलं. दोनदा. शालू बघत होती. तिचं डावं बोट उठलं, थोडं हवेत राहिलं आणि सगळ्यात खालच्या, रडणाऱ्या चेहऱ्यावर बसलं. नीरजाने पुठ्ठा उलटा केला. रडणारा वर गेला. बोटही वर गेलं. नीरजाने पुन्हा उलटा केला. बोट खाली आलं आणि या वेळी ते तिथेच आपटत राहिलं, टक टक टक.

"बरा," शालू म्हणाली. "बरा, बरा."

भावना स्वयंपाकघरात निघून गेली.

"इकडे बोट द्या," नीरजा काळुरामला म्हणाली. तिने त्याचं बोट शालूच्या उजव्या खांद्याच्या टोकाखाली ठेवलं. तिथे खळगा होता. त्याचं एवढं जाड बोट त्यात बसलं. "हाड खाली उतरलंय. स्नायूत जीव नाही, हात लोंबतो. तसा हात वर ओढला की आतलं सगळं चिमटतं. प्रत्येक वेळी."

काळुरामने बोट काढलं नाही. बराच वेळ.

"मी तुम्हाला बोलणार नाही," नीरजा म्हणाली. "तुम्ही मुद्दाम केलं नाही. पण दोर आज काढा. माझ्यासमोर."

त्याने स्टूल घेतलं आणि काढला. कप्पी हातात घेऊन तो स्टुलावर उभा राहिला. ती कुठे ठेवायची ते त्याला कळेना.

डॉक्टरांनी खांद्यात इंजेक्शन दिलं, गोळ्या बदलल्या, झोपेची बंद केली. हाताखाली उशी, बसताना झोळी, उठवताना कमरेला पट्टा. चौकोनांचा कागद आता काळुराम भरायचा. खुणा तेवढ्या त्याला करता यायच्या. बाही चढवताना तो समोर बसायचा आणि तोंडाकडे बघायचा. कपाळ, डोळे, श्वास. पहिल्या आठवड्यात खुणा भरपूर झाल्या, दुसऱ्यात कमी. भावनाला मार बसायचा थांबला. एका दुपारी जेवल्यावर शालू बसल्या जागी घोरायला लागली, तोंड उघडं टाकून, आणि काळुराम ऊन तिच्या तोंडावरून सरकेपर्यंत दारात आडवा उभा राहिला.

ती पुन्हा गायली नाही.

"काय रं काल्या, आवाज येत नाय आता," गल्लीतले लोक विचारायचे. "कप्पी सोडलीस म्हनून जाला असंल. कंटालला नाय पाहिजे मानसानं." ठकूबाई तर दारात येऊन म्हणाली, "एवढं एकच उरलं व्हता बिचारीजवल, त्ये पन घालवलंस. आनि हलदीला डावा हात लावलास. देव बघतो."

एकदा काळुराम सांगायला गेला होता कुंडलिकला, पण कुंडलिकला ऐकू आलं नाही आणि ती गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती.

वैशाखात शालूला दुसरा झटका आला. सकाळी आला, दुपारी ती गेली.

तेराव्याला त्याच जागी मांडव होता, पांढरा. खुर्चीवर तिचा फोटो, पुढे समई. जेवणं उरकली, माणसं टेकून बसली होती. मयूर आला, बरोबर कल्पिता. त्याने मोबाईल डीजेवाल्याकडून आणलेल्या एका खोक्याला जोडला होता. "आजीचा आवाज ऐकवतो सगल्यांना," तो म्हणाला. त्याचे डोळे लाल होते. काळुराम काही बोलायच्या आत बटण दाबलं गेलं होतं.

"गो बाय, गो बाय."

मांडवभर तो आवाज भरला. बायका रडायला लागल्या. ठकूबाईने कपाळावर हात मारून घेतला. "किती गोड गायची गो माझी बाय!" कुंडलिकलाही एवढ्या मोठ्या खोक्यातून ऐकू गेलं, तो मान डोलवू लागला. चार पावलं चाल आणि हूं. चार पावलं चाल आणि हूं. आणि मागून एका म्हाताऱ्याचा आवाज, खूश असलेला, मोजणारा. सव्वीस. सत्तावीस. अठ्ठावीस.

काळुराम भिंतीला टेकून बसला होता. शेजारच्या खोक्यावर उभ्या केलेल्या मोबाईलच्या पडद्यावर शालूचं तोंड होतं, समोरून घेतलेलं. ते त्याने आजवर बघितलं नव्हतं. आता त्याने बघितलं. कपाळ, डोळे, श्वास.

एकोणतीस. तीस. एकतीस.

भावना बायकांतून उठली. कुणाला काही न विचारता ती खोक्यापर्यंत गेली. बत्तीस. तेहेतीस. तिने वायर काढली.

"अगो, चालू दे ना!" दोघीतिघी एकदम म्हणाल्या. "तुना काय जाला?"

"बॅटरी संपली," भावना म्हणाली.

मांडव शांत झाला. कुणीतरी नाक ओढलं. त्या शांततेत भिंतीकडून हलकाच आवाज आला, आणि जवळच्या चारपाच माणसांनी वळून बघितलं.

"चौतीस," काळुराम म्हणाला होता. त्याची उजवी मूठ मांडीवर आवळलेली होती. भावना येऊन त्याच्यासमोर बसली आणि ती मूठ तिने एकेक बोट करून उघडली.